कात झटकायची खिडकी

घरात खिडक्या तीन, पण कामाची एकच, मधल्या खोलीतली. तिच्यातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा, डोळ्यांना न बोचणारा उजेड येई. या खिडकीवर दोघांचा हक्क होता आणि सोडायची तयारी एकाचीही नव्हती. थोरला भाऊ मोजणी कार्यालयात नकाशे काढण्यात जन्म घालवून निवृत्त झालेला. सगळा जिना त्यांना नकाशेवाले म्हणे. धाकटी बहीण नवरा गेल्यावर त्यांच्याकडे राहायला आली होती आणि शिंप्यांच्या दुकानांसाठी रफू करीत होती.

रफू म्हणजे कापडाला पडलेलं भोक असं बुजवायचं की कापडालाही ते आठवू नये. धाकटीचा हात या कामात असा बसला होता की कोपऱ्यावरचा शिंपी म्हणे, बाईंनी बुजवलेलं भोक शोधायला बाईंनाच बोलवावं लागतं. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं. तिच्याकडे दोन डोळे, एक सुई आणि खिडकी एवढीच काय ती इस्टेट.

नकाशेवाल्यांकडे छंद होता. मागच्या खोलीत जाळीच्या पेट्यांमध्ये ते फुलपाखरं आणि पतंग वाढवीत. अंडं, अळी, कोष, पतंग, पुन्हा अंडं. हा फेरा घरात पूर्ण करून दाखवणं ही त्यांच्यासारख्या छंदिष्टांच्या मंडळातली खरी कमाई. नुसती फुलपाखरं बघत हिंडणाऱ्यांना मंडळात हौशी म्हणत आणि ते शिवीसारखं म्हणत.

"तुझे पतंग लोकांच्या कोटांना भोकं पाडतात म्हणून माझं पोट चालतं," धाकटी म्हणे.

"अगं, ते वेगळे. ते बोटाच्या पेराएवढेही नसतात. माझ्या मोठ्या पतंगांना खायला तोंडसुद्धा नसतं. जन्मभर उपाशी."

"म्हणजे या घरात जेवणावरून कुरकुर न करणारे तेवढेच."

वाटणी अशी ठरली होती की सकाळी खिडकी त्यांची. पेट्यांतला वाळका पाला आणि अळ्यांनी टाकलेली कात ते जाळीसकट खिडकीबाहेर झटकीत. मग धाकटी खुर्ची ओढून बसे आणि खिडकी तिची. वारा बहुतेक दिवस बाहेरून आत यायचा, याची नोंद दोघांपैकी एकानेही घेतली नव्हती. नकाशांवर उत्तर दिशा न चुकता दाखवणाऱ्या माणसाने घ्यायला हरकत नव्हती.

त्या वर्षी मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना अंड्यांचा एक पुंजका आणून दिला. त्याच्यावर पिवळसर लव होती. या जातीचा फेरा मंडळात कुणालाच पुरा करता आला नव्हता. दरवेळी अळ्या शेवटच्या टप्प्यावर माना टाकीत.

"पण घरात ठेवू नका. अळी केसाळ आहे. गच्चीवर ठेवा," दातवाले म्हणाले. "तळहाताला लावून पाहिलं तर माझा हात दोन दिवस सुजला होता."

मंडळाची ही जुनी रीत होती. नवी अळी आली की आधी तळहातावर चालवायची. हात खाजला तर अळी वाईट, नाही खाजला तर घरात घ्यायची. अळ्या थोड्या मोठ्या झाल्यावर नकाशेवाल्यांनीही एक चालवून पाहिली. तिच्या पाठीवर तांबूस केसांचे झुपके होते आणि चालताना ती रुबाबात कंबर हलवीत होती. त्यांच्या हाताला काही म्हणजे काही झालं नाही.

"दिवसभर रबरी मोजे घालून दुसऱ्याच्या तोंडात हात घालता," त्यांनी दातवाल्यांना फोनवर ऐकवलं. "लोण्याचे हात तुमचे. सुजणारच."

स्वतःचा तळवा वहाणेसारखा झाला आहे आणि त्याला विचारण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गच्चीवर रात्रीचा गारवा असतो, शिवाय जिने चढायचे. पेटी मागच्या खोलीतच राहिली.

अळ्या वाढल्या, कात टाकीत गेल्या. नकाशेवाले रोज सकाळी जाळी झटकीत आणि उन्हात काहीतरी चमचमत तरंगताना बघून त्यांना बरं वाटे. धूळसुद्धा आज देखणी दिसते, असं ते एकदा म्हणालेही.

धाकटीचा उजवा डोळा चुरचुरायला लागला तो याच सुमारास. आधी तिने पदराची वाफ दिली, मग गार पाण्याने धुतला, मग दुकानातल्या लोकरीच्या कोटाला दोष दिला.

"डोळ्यात कुसळ गेल्यासारखं वाटतंय रे दादा. पापणी मिटली की टोचतं, उघडली की टोचतं."

"काम कमी कर जरा."

"तू मला पोसणार आहेस?"

"जाऊ या डॉक्टरकडे," नकाशेवाले लगेच म्हणाले.

डोळ्यांची डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. "मावशी, घरात मांजर, कुत्रं, पक्षी काही आहे?"

"कुणी नाही. एक भाऊ आहे," धाकटी म्हणाली. डॉक्टरीण हसली. भाऊ शेजारीच बसला होता, तोही हसला. तो तेव्हा खोटं बोलत नव्हता. अळ्या त्याच्या हिशेबी जनावरांत मोडतच नव्हत्या. थेंब लिहून मिळाले. टोचणं थांबलं नाही तर लगेच या, डोळा चोळू नका, असं डॉक्टरणीने दोनदा सांगितलं.

टोचणं थांबलं नाही. आठवडा उलटायच्या आत एका सकाळी धाकटी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, तुझं ते मोठं भिंग आण आणि बघ तरी आत काय आहे ते. अळ्यांचे पाय मोजतोस, बहिणीचा डोळा बघ एकदा."

त्यांनी तिला खिडकीशी बसवलं, पापणी बोटाने वर केली आणि भिंग धरलं. डोळ्याचा पांढरा भाग गुलाबी झाला होता. बुबुळाच्या कडेला एक रेघ होती. बारीक, तांबूस, एका टोकाला टोकदार आणि अंगावर उलट्या दिशेचे इवले इवले काटे. एक टोक अजून बाहेर होतं. नकाशेवाल्यांना ती रेघ ओळखायला क्षणही लागला नाही. पेटीतल्या कातीवर भिंग धरून त्यांनी तीच रेघ कितीदा तरी पाहिली होती.

"दिसतंय का काही?"

आता इथे माणूस काय करतो ते बघण्यासारखं असतं. तोंड उघडायला आणि एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नकाशेवाल्यांच्या डोक्यात सगळी वजाबाकी झाली. अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या. पाला खाणं कमी झालं होतं, पेटीच्या कोपऱ्यांत डोकी घासणं सुरू झालं होतं. आज ना उद्या कोष विणायला बसतील. याच वेळी त्यांना हलवलं की त्या मरतात, मंडळातल्या सगळ्यांच्या अशाच मेल्या होत्या. आणि डॉक्टरीण खरं कळल्यावर पहिली गोष्ट काय सांगेल? पेटी बाहेर काढा. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न. कोष झाले की केस उडायचे थांबतील, मग आपणच सांगू. चार-पाच दिवसांत डोळ्याचं काय बिघडतंय?

"काही नाही," ते म्हणाले. "लाल झालाय जरा. थेंब घाल."

त्या दिवसापासून नकाशेवाले फार चांगले वागू लागले. मागच्या खोलीचं दार त्यांनी बंद ठेवलं आणि फटीला ओलं फडकं लावलं. जाळी झटकायची थांबवली. खिडकीची चौकट ओल्या कापडाने स्वतः पुसली, गादीवरची चादर स्वतः धुतली. धाकटीची खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि वर नवीन दिवा आणून लावला.

"हे काय नवीन? तूसुद्धा खिडकी सोडलीस?" धाकटी थक्क झाली. "बरा आहेस ना? मृत्युपत्र वगैरे करतोयस का?"

"तुझ्या डोळ्याला वारा नको."

तिने जिन्यातल्या प्रत्येक बाईला थांबवून सांगितलं की दादा म्हातारपणी मऊ झाला. बायका म्हणाल्या, नशीबवान आहात. हे सगळं दाराआडून नकाशेवाल्यांच्या कानावर पडत होतं. त्यांना लाज वाटली असणार, पण पेटीशी जायचं त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

अळ्यांनी कोष विणले. स्वतःच्या अंगावरचे केस उपटून त्यांनी रेशमात गुंफले आणि तपकिरी, काटेरी कोष पेटीच्या कोपऱ्यांत चिकटून बसले. चार-पाच दिवस झाले. मग नकाशेवाल्यांना वाटलं, कोष पक्के होऊ देत. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. गप्प बसण्याचं हे असंच असतं. पहिल्या दिवशी ते सोपं म्हणून करायचं आणि पुढे सोडवत नाही म्हणून.

दातवाले कोष बघायला आले. पेटीपाशी वाकून त्यांनी "वा!" म्हटलं, पण हात मात्र पाठीमागे बांधून ठेवले. तेवढ्यात धाकटी डोळ्यावर रुमाल धरून चहा घेऊन आली.

"ताई, डोळ्याला काय झालं?"

"कुसळ. जातच नाही मेलं. थेंब चालू आहेत."

दातवाल्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला तो ठेवलाच. निघताना जिन्यात त्यांनी नकाशेवाल्यांचा दंड धरला. "डॉक्टरांना अळ्यांचं सांगितलंय ना तुम्ही?"

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी."

"काय म्हणाले?"

"थेंब घाला म्हणाले."

दातवाले दंड सोडायला जरा वेळ लावत उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेल," आणि खाली उतरून गेले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

एके सकाळी धाकटीला सुईचं नेढं दिसेना. तिने डावा डोळा झाकून खिडकीकडे पाहिलं, मग उजवा झाकून पाहिलं. "दादा, या डोळ्यात धुकं भरलंय," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की नकाशेवाल्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

डॉक्टरीण या वेळी घाईत नव्हती. यंत्राच्या पट्टीवर धाकटीची हनुवटी टेकवून ती बराच वेळ आत बघत राहिली. "मावशी, हा केस कशाचा आहे? साधा नाही हा. याला उलटे काटे असतात. पापणी जितक्या वेळा मिटते, तितका तो आत सरकतो, परत कधी येत नाही. हा पार आत, पडद्यापर्यंत पोचलाय. टोक बाहेर असताना आला असतात तर चिमट्याने उपसून टाकला असता, चहा प्यायला घरी गेला असतात."

"मला काय माहीत बाई," धाकटी म्हणाली. "दादाने भिंगातून पाहिलं होतं. तेव्हा काही नव्हतं. नाही का रे?"

डॉक्टरणीने नकाशेवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यात खालची ओळसुद्धा त्यांना इथून वाचता येत होती.

"नव्हतं," ते म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. डोळा जागेवर राहिला, नजर राहिली नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळेल, असं सांगण्यात आलं. डावा डोळा चांगला होता, पण एका डोळ्याने रफू होत नाही. धागा पुढे आहे की मागे हे कळत नाही, सुई दरवेळी त्याच्या शेजारून जाते. धाकटीने पट्टी सुटल्यावर एका जुन्या बाहीवर दुपारभर करून पाहिलं. मग सुई सुयांच्या उशीत खोचली आणि शिंप्याकडचे उरलेले कोट न शिवता परत पाठवले.

त्याच दिवसांत कोष फुटले. पांढरेशुभ्र पतंग बाहेर आले, पेटीच्या जाळीला लटकले, जोड्या जमल्या. मादीने पाल्याखाली अंडी घातली आणि आपल्या शेपटीकडची लव, कोषातून निघताना तिच्यात अडकलेल्या तांबूस केसांसकट, काढून त्यांच्यावर पसरली. मंडळात जे कुणाला जमलं नव्हतं ते झालं. नकाशेवाल्यांनी ही बातमी मंडळाला कळवली नाही. पण पेटीही जाळली नाही. जाळायची म्हणून एकदा गच्चीपर्यंत नेली होती. वारा फार होता असं स्वतःला सांगून परत आणली.

धाकटी आठवडाभर नुसती बसून राहिली. खिडकी आता दिवसभर रिकामी असे. एका दुपारी ती उठून मागच्या खोलीच्या दाराशी आली.

"दादा, मला शिकव."

"काय?"

"हेच. तुझ्या अळ्या. रिकामे हात मला खायला उठतात रे. पाला बदलणं, पेट्या साफ करणं, एवढं तर एका डोळ्याने होईल? तू माझं इतकं केलंस. खिडकी सोडलीस, चादरी धुतल्यास. मलाही काहीतरी करू दे."

नकाशेवाले पेटीसमोर उभे होते. नाही म्हणायचं तर का ते सांगायला हवं होतं. त्यांनी दोन कारणं मनात जुळवून पाहिली. एक फार लंगडं होतं आणि दुसरं खरं होतं.

"अगं, घाण असते," ते म्हणाले. "वास येतो."

"मी जन्मभर लोकांच्या घामट बाह्या हातात धरल्या. मला वासाचं सांगतोस?" ती हसली आणि आत आली. कितीतरी दिवसांनी हसली होती. तिने पेटीचं दार स्वतःच उघडलं. "अंडी कुठली? ही? अगं बाई, कापसात गुंडाळल्यासारखी आहेत. हात लावू?"

तिने बोटाच्या टोकाने त्या लवेला हात लावला, मग ते बोट डोळ्यासमोर आणून न्याहाळलं.

"किती मऊ रे," ती म्हणाली.

एका डोळ्याने अंतर नीट कळत नव्हतं, म्हणून ती आणखी खाली वाकली. तिचा चेहरा पार पेटीच्या आत गेला. नकाशेवाल्यांनी घसा खाकरला, हात पुढे केला आणि तिला दिसावं म्हणून दिवा थोडा जवळ ओढला.