लवचीक वर्गाचे स्क्रू

चौथीच्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीने बाक ओढून वर्ग मांडला होता. गटागटाने शिकणाऱ्यांसाठी बाकांची तोंडं एकमेकांकडे, एकलकोंड्यांसाठी खिडकीशी सतरंजी, आणि फळ्यासमोर मोकळी जागा. ती जागा भिंगरीसाठी. ही पोरगी बसली की तिची अक्षरं गोठायची; येरझारा घालत मात्र पानंच्या पानं वाचायची. सोमवारी तपासणीच्या साहेबांसमोर वाचता आलं नाही, तर तिला पुन्हा तिसरीत ढकलणार होते.

सोमवारी दार उघडलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे बाक पुन्हा रांगेत, आणि प्रत्येक बाक फरशीला स्क्रूने आवळलेला. रांगांवर पाट्या: ‘बघून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’. मोकळ्या जागेत एक जादा बाक. त्याची पाटी: ‘चालून शिकणारे’.

हेडमास्तरांनी शांतपणे समजावलं. वर्गरचना लवचीक हवी, असं वरून पत्र आलंय. साहेब येईपर्यंत पोरं ती लवचीकता हलवून ठेवणार, म्हणून पक्की करून घेतली. ऐकणाऱ्यांना फळा दिसत नाही, असं बाईंनी दाखवलं, तर ते म्हणाले, त्यांना दिसून करायचंय काय? शिपाईकाका कंबर चोळत म्हणाले, बाई, आडवं पडून शिकणाऱ्यांची रांग असेल तर माझं नाव घाला.

बाई हसल्या नाहीत.

साहेबांनी आल्या आल्या एक बाक हलवून बघितला. हलला नाही. ते खूश झाले. मग भिंगरीला पुस्तक दिलं. ती पहिल्याच शब्दाशी अडली, पाय बाकाखाली थरथरत राहिले.

“बघा,” हेडमास्तर म्हणाले, “चालणाऱ्यांच्या बाकावर बसवूनही प्रगती शून्य.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “भिंगरे, ऊठ. बाकांवर चढ आणि चाल.”

“अहो बाई, पडेल ती.”

“कशी पडेल, सर? एवढे स्क्रू मारलेत तुम्ही.”

भिंगरी चढली. बघणाऱ्यांनी दप्तरं उचलली, ऐकणाऱ्यांनी डोकी खाली घातली, आणि ती या बाकावरून त्या बाकावर पाय टाकत खणखणीत वाचत सुटली. बाकावर ठेवलेल्या साहेबांच्या वहीवर एक पाऊल उमटलं, तरी ती थांबली नाही.

“पुरे, पुरे,” साहेब म्हणाले. “चौथीतच राहू द्या हिला.”

“पुरे नाही,” बाई म्हणाल्या. “तिला बसवून ऐकलंत ना, आता चालवूनही ऐका. धडा चार पानांचा आहे.”

भिंगरीने पान उलटलं. साहेब आणि हेडमास्तर ऐकत उभे राहिले, कारण बसायला तिच्या पावलांखालून एकही बाक सुटत नव्हता.