हंगेरीचं अस्वल

माझे सासरे हंगेरीचे आहेत. म्हणजे जन्म निपाणीचा, शाळा सातवीपर्यंत, तीही निपाणीतच. पण घारे डोळे, गोरा रंग आणि दाराच्या चौकटीला लागणारं डोकं बघून, फ्रीस्टाइल कुस्त्या लावणाऱ्या रत्नाकरशेठ नावाच्या गृहस्थांनी एका दुपारी त्यांना हंगेरीचं करून टाकलं. पिराजी हे नाव गेलं आणि पोस्टरवर छापून आलं, 'हंगेरीचं अस्वल'. हंगेरी कुठे आहे हे शेठना माहीत नव्हतं, बाबांना माहीत नव्हतं आणि तिकीट काढून येणाऱ्या हजारो लोकांना त्याची काही पडलेली नव्हती.

पुढची वीसेक वर्षं बाबा हुबळीपासून कोईमतूरपर्यंत प्रसिद्ध होते. अस्वल रिंगणात आलं की लोक चपला फेकायचे, बायका कडाकडा बोटं मोडायच्या. बिऱ्हाड बेंगळुरात, चिकपेटला, पण भर बाजारात तोंड उघडायची सोय नाही. अस्वलाला कन्नड येतं हे कळलं असतं तर धंदाच बसला असता. दुकानात टॉवेल घ्यायचा तरी बोट दाखवून गुरगुरायचं. हे सगळं बाबा आता आमच्या महादेवपुऱ्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून इतक्या खुशीत सांगतात की मला माझ्या सॉफ्टवेअरच्या नोकरीची कीव येते. माझ्यावर आजवर कुणी एक चप्पलसुद्धा फेकलेली नाही.

अस्वल आलं म्हणजे त्याला मारणारा नायकही आला. तो महांतेश, 'मलप्रभेचा वाघ'. पांढरी चड्डी, कपाळावर विभूती. आधी अस्वलानं त्याला बदडायचं, डोळ्यांत माती टाकायची. मग वाघ उसळणार, अस्वलाचे केस धरून डोकं जमिनीवर आपटणार, आणि पंच मोजणार: एक, दोन, तीन. बाबा त्याच्याशी एकदाही जिंकले नाहीत. खरं तर कुणाशीच जिंकले नाहीत.

माझ्या सासूबाईंनी, कस्तुराआईंनी, नवऱ्याचं डोकं आपटताना एकदाच पाहिलं. त्या तडक उठून घरी आल्या. त्या दिवसापासून महांतेशचं नाव आमच्या घरात घ्यायचं नाही. हंगेरी खोटी हे त्यांना ठाऊक होतं, मार मात्र त्या खराच समजत होत्या. आणि बाबांनी कधी त्यांचा समज दूर केला नाही, कारण शेठनी सगळ्या पैलवानांना मारुतीसमोर शपथ घातली होती. कोण पडणार हे आधी ठरतं, हे बायकोलाही सांगायचं नाही. शिवाय नायक आणि खलनायक रेल्वेच्या एका डब्यातून जाणार नाहीत, एका खानावळीत जेवणार नाहीत. लोकांनी दोघांना एकत्र हसताना पाहिलं की संपलं.

मला हे कळलं ते अगदी योगायोगानं. इंदिरानगरला ऑफिसच्या कामाला गेले होते. दुपारी एका दर्शिनीत, म्हणजे आपल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, शिरले तर कोपऱ्यात बाबा. एकटेच, डोशाशी बोलत होते. त्यांच्या मागच्या टेबलाशी, त्यांना पाठ करून, तसाच एक धिप्पाड म्हातारा चटणीशी बोलत होता. मी हाक मारली तसे दोघंही चोरी पकडल्यासारखे दचकले.

"श्वेता, हा महांतेश," बाबा न वळताच म्हणाले.

रत्नाकरशेठना जाऊन इतकी वर्षं झाली, पोस्टरं कुजली, आणि हे अस्वल आणि हा वाघ अजून दर महिन्याला एकमेकांना पाठ करून डोसा खात होते! मी हसून हसून बाबांची कॉफी सांडली. बाबा मात्र हसले नाहीत. "पुढच्या आठवड्यात हा लेकीकडं चाललाय, कॅनडाला," ते म्हणाले. "परत काय येत न्हाई. एकदा तरी माझ्या घरात, माझ्यासमोर बसून जेवावं त्यानं. पण कस्तुराला कोण सांगणार?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "शपथ घालणारा गेला की हो, बाबा."

बाबांनी चार दिवस घेतले. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगून टाकलं की ते सगळं आधी ठरलेलं असायचं, ती नुरा कुस्ती होती, महांतेश आपला जिवाभावाचा मित्र आहे आणि रविवारी तो जेवायला येतोय.

आईंनी भाकरी उलटली. "हरलेला माणूस असंच सांगतोय," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी सुचलं व्हय?"

हे बाबांच्या स्वप्नातही नव्हतं. आयुष्यभर जपलेलं गुपित फोडलं आणि ऐकणारीनं ते बाजूला ठेवून पीठ मळायला घेतलं. बाबांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं.

रविवारी महांतेशअण्णा म्हैसूरपाक घेऊन आले. आईंनी दार उघडलं, पाणी दिलं नाही. अण्णा हात जोडून म्हणाले, "वैनी, स्वल्प ऐका. पिराजी खरं बोललाय. मी ह्याला कधी मारलोच न्हाई."

"तुम्ही मोठ्या मनाचे," आई म्हणाल्या. "ह्यांची लाज राखालाय. पण मी डोळ्यांनी बघितलंय. डोकं आपटल्याचा आवाज ऐकलाय मी."

दोघा पैलवानांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबा उठले आणि सोफा सरकवायला लागले.

"बाबा, गुडघा नवा आहे तुमचा!" माझा नवरा अजित ओरडला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आतली गादी बाहेर आली. दोघं तिच्यावर गुडघ्यांवर बसले. अण्णांनी बाबांचे उरलेसुरले केस मुठीत धरले, डोळे वटारले आणि डोकं जोरात खाली नेलं. धाड! खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"परत करा," आई म्हणाल्या आणि पदर खोचून गादीच्या कडेला वाकून बसल्या.

परत धाड. या वेळी मलाही दिसलं. आवाज बाबा स्वतःचा तळहात गादीबाहेर फरशीवर आपटून काढत होते. आणि डोकं टेकत होतं ते अण्णांच्या दुसऱ्या हातावर. तो हात कधी खाली जायचा हे कळतही नव्हतं.

आईंनी तो हात धरून उजेडात नेला. मधली दोन बोटं वाकडी होती.

"हे काय?"

"शिमोग्यात मोडली, वैनी. पिराजीचं डोकं जड आहे."

आईंनी तो हात सोडला. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. तो राग मी याआधी कधी पाहिला नव्हता. "मग माझे शनिवार?"

आम्हाला काही कळेना. त्या शनिवारी उपास करतात एवढंच आम्हाला माहीत. मारुतीचा असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"एकदा तरी जिंकू दे म्हणून धरलेत मी. जिंकेपर्यंत सोडायचे न्हाईत असं बोललेय. तुमची कुस्ती सुटली, माझे शनिवार सुटले न्हाईत. आणि निकाल आदल्या दिवशीच लागलेला असायचा?"

"आदल्या दिवशी न्हाई," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "दोन दिवस आधी."

हे बोलायला नको होतं. आई आत गेल्या आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला. जेवण गेलं. बाबा गादीवर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. अण्णा चप्पल शोधायला लागले.

तेवढ्यात आई बाहेर आल्या. "कुठं निघाला? बसा तिथं. आज कोण पडायचं ते मी ठरवणार."

अण्णा चप्पल हातात घेऊन उभे राहिले. हा माणूस आयुष्यात कुठल्या गावात पाठीवर पडला नव्हता. गदग, दावणगेरे, कोल्लेगाल, कुठंही विचारा, लोक अजून त्यावर पैज लावतील. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांनी चप्पल खाली ठेवली.

"सरी, पडतो," ते म्हणाले. "पण पिराजी, पडायचं कसं हे मला येत न्हाई. कधी पडलोच न्हाई. शिकव."

मग बाबांनी शिकवलं. हनुवटी छातीला लाव. श्वास सोड. आधी खांदा, मग पाठ. पडायचं अंगात ताठपणा न ठेवता, आणि समोरच्यावर भरवसा ठेवून. भरवसा नसला की हाड मोडतं. अण्णा शाळकरी पोरासारखी मान हलवत होते. जिंकायला काहीच लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं, सगळी विद्या हरणाऱ्याकडे असते.

वाघ पडला. बाबांनी त्याच्या छातीवर हात दाबला. आईंनी गुडघे टेकले आणि फरशीवर थाप मारली. "एक! दोन!"

आणि बाबांनी हात काढला. वीस वर्षांची सवय. वाघ गुडघ्यांवर आला की लगेच उसळायचा, मग अस्वलानं मागे कोलमडायचं. बाबा कोलमडायच्या तयारीतच होते.

"सोडू नका की!" आई किंचाळल्या. "दाबा!"

बाबांनी दाबलं. आईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "तीन" म्हणताना त्यांचा आवाज फुटला. बाबा तसेच बसून राहिले. जिंकल्यावर काय करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आता उठू का मी?" खालून अण्णांनी विचारलं. मग आम्ही सगळे रडत-हसत जेवायला बसलो. बाबा आणि अण्णा समोरासमोर. आई अण्णांना आग्रह करकरून वाढत होत्या.

पुढच्या बुधवारी अण्णा कॅनडाला गेले. शनिवारी सकाळी मी इडल्या काढत होते तर आई येऊन टेबलाशी बसल्या. अजित म्हणाला, "आई, आज शनिवार."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि ताटली पुढे केली. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि स्वतः उठून त्यांना वाढलं.