खोडता न येणारी ओळ

सुकरीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं, आणि फिरणार नाही तर काय! जव्हारच्या टोकाला तिच्या बापानं, पुंजानं, जन्मभर गवंडीकाम करून घर उभं केलं, आणि सरकारी नोंदीत नाव कोणाचं? रघुचं, तिच्या नवऱ्याचं. तो हलकट तीन वर्षांपूर्वी दुसरीला घेऊन मोखाड्याला पळाला, आणि आता हेच घर विकायला निघाला होता.

घात केला पुंजाच्या भलेपणानं. रघु घरजावई. परक्यासमोर घरजावयाची मान खाली जाऊ नये म्हणून घर त्याचंच म्हणायचं, ही इथली रीत. मोजणीवाला टॅब घेऊन दारात आला तेव्हा म्हातारा हसून म्हणाला, "घर आमच्या जावयाचा." त्या शहाण्यानं तेच भरलं, पुंजाचा अंगठा घेतला आणि चहा पिऊन गेला.

सुकरी बापाला घेऊन नोंदणी कचेरीत पोचली, तेव्हा कारकून सुदर्शन खुर्चीत रेलून बसला होता. "बाई, हे ब्लॉकचेन आहे. नोंद झाली की तिच्या प्रती ठिकठिकाणच्या मशीनवर जातात. कोणालाच खोडता येत नाही. फसवणूक होऊ नये म्हणूनच केलंय."

"मग माझी झाली ती काय?"

"मशीनला रीतभात कळत नाही."

"तुला कळते ना? इथलाच ना तू?"

पुंजानं तिचा हात ओढला. "पोरी, माझाच चुकला. चल घरी."

म्हाताऱ्याचे भरलेले डोळे पाहून सुकरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापानं लाजायचं, आणि तो भामटा उजळ माथ्यानं फिरणार?

"खोडता येत नाही, मग घर विकल्यावर नाव कसा बदलतो रे?"

"जुनी नोंद राहते. खाली नवी जोडतात."

"म्हणजे जोडता येतो!" तिनं टेबलावर हात आपटला. "मग जोड. घर पुंजाचा. जावयाला तोंडानं मान दिला, घर नाही दिला. हरकत सुकरीची."

सुदर्शन चाचरला. "हरकतीचा रकाना आहे, पण... निकाल लागेपर्यंत विक्री अडेल."

"अडू दे की!"

ती समोरून हलेना. शेवटी त्यानं मुकाट्यानं टाइप केलं. पुंजानं पुन्हा अंगठा दिला, या वेळी दाबून.

"आता रघु येईल, ही ओळ खोड म्हणेल," सुकरी म्हणाली. "काय सांगशील?"

सुदर्शन खाली बघत पुटपुटला, "खोडता येत नाही."

"असा नाही. मला सांगितलास तसा, खुर्चीत रेलून सांग त्याला."