पोळ्यातला उलटा जवाब

इंझोरीच्या शालिकरामला ऐकू येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नाही, असं फक्त शालिकरामलाच वाटत होतं. कोणी बोललं की तो मान हलवी, "हो ना बाप्पा" म्हणे आणि समोरचा हसला की आपणही हसे. एकदा असाच मयतीच्या घरी हसून आला. मग त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, त्याला आठ दिवस घराबाहेर पडू दिलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण हा पडला झडत्यावाला. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की गावात दोन गडी समोरासमोर येत आणि एकमेकांच्या बैलांची टर उडवणाऱ्या झडत्या म्हणत. एकाचा सवाल, दुसऱ्याचा जवाब. इकडून शालिकराम, तिकडून मागल्या गल्लीतला देवमन, ही जोडी तीस वर्षांची. आता कान गेले म्हणून कबूल करा, की तोरणाखालची जागा गेली! मग पारावर म्हाताऱ्यांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. ते त्याला बिलकुल नको होतं.

म्हणून त्यानं अक्कल लढवली. देवमन विचारून विचारून काय विचारेल? बैल बारीक, नाही तर शिंगं वाकडी. जवाब घरूनच बांधून न्यावा! पोळ्याआधी आठ दिवस तो गोठ्यात जाऊन, कोणाला कळू नये म्हणून अगदी हळू आवाजात, झडती पाठ करी. आणि काय सांगावं, तीन वर्षं जवाब नेमका बसला. "देवमनची धार गेली आता. तेच ते इचारते बुवा," असं तो चारचौघांत खुशाल सांगे.

अडचण एकच होती. देवमनची झडती संपली कधी, हे कळावं कसं? मागल्या वर्षी देवमन खोकायला म्हणून थांबला आणि यानं मध्येच जवाब ठोकून दिला. घाई झाली असं सांगून कसंबसं निभावलं.

यंदा सुनेनं, शुभांगीनं, वाशीमहून एक पट्टा आणला. मनगटावर बांधायचा, बटण दाबलं की तो थरथरतो. एक बटण तिनं मागल्या दाराला लावलं, दुसरं सासूच्या गळ्यात अडकवलं.

"मामाजी, दोन छोटे झटके आले तं आई बलावून राह्यल्या. एक लांब आला तं मागल्या दारी कोणी आलं. समजलं?"

शालिकरामनं मान हलवली. बटण दाबलं की मनगट थरथरतं, एवढं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. बाकीच्यातलं काही म्हणजे काही त्याच्या कानात शिरलं नव्हतं. गावात त्यानं पट्ट्याला घड्याळ म्हणून सांगितलं. कोणी वेळ विचारलीच तर सूर्याकडे बघून ठोकून देई.

मग त्यानं गोजराबाईला बेत सांगितला. तोरण घरासमोरच्याच मैदानात. तिनं ओट्यावर उभं राहायचं आणि देवमन थांबला की बटण दाबायचं.

"अवो, सांगून काहून नाही टाकत लोकायले?" गोजराबाई त्याच्या कानाशी ओरडली.

"काय सांगू? का मी बहिरा हाओ? मंग उभं तरी करतीन का मले तिथं?"

गोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि बटण तपासलं.

पोळ्याच्या दिवशी बैल सजले, डफडं वाजलं, माणसांचा गोल जमला. देवमन पुढं आला, हात जोडून महादेवाचं नाव घेऊ लागला. सवालाला अजून सुरुवातही झाली नव्हती. नेमकी तेव्हाच शेजारची भागिरथा मागल्या दारी कुंकू मागायला आली आणि तिनं बटण दाबलं. मनगटावर एक लांब झटका बसला. शालिकराम छाती काढून गरजला:

"बारीक असो माहा ढवळ्या, सरीत चालते नीट,
तुह्या लठ्ठ्याले वखर दिसला का येते त्याले फीट!"

सगळी तोंडं एकदम उघडली. आपण मैदान मारलं, असं शालिकरामला वाटलं. ओट्यावर गोजराबाई दोन्ही हात हलवत होती. तीही खूश झाली असावी.

देवमन मात्र तरातरा चालत आला, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि बोंबलला, "अरे शालिक्या, माहा सवाल तं होऊ दे! तीन वर्षं झाले, तुह्या जवाबाले सवाल जोडून राह्यलो मी! तू गोठ्यात पाठ करतं ते माह्या घरापर्यंत आयकू येते!"

गावानं जे ऐकलं, ते या वेळी शालिकरामनंही ऐकलं. त्याचं तोंड उतरलं. तीन वर्षं ज्याची धार गेली म्हणून आपण मिरवत होतो, तो आपली अब्रू झाकण्यासाठी मुद्दाम साधे सवाल बांधून आणत होता. शरमेनं त्याला जमीन फाटून आत घ्यावं असं झालं. तो ढवळ्याचा कासरा धरून माघारी निघाला.

देवमननं त्याला दंडाला धरून थांबवलं. "जातं कुठं? आता खरा सवाल घे," म्हणाला आणि पुन्हा कानाशी येऊन, शिरा ताणून म्हणाला:

"ढवळ्या म्हणे पवळ्याले, मालक बदलून घेऊ,
हंबरून घसा सुकला, आता चिठ्ठी लिहून देऊ!"

गाव पोट धरून हसायला लागलं. शालिकरामनं जवाब शोधला. गोठ्यात घोकलेलं सगळं आठवून पाहिलं, त्यातलं काही बसेना. तीस वर्षांत असा अडला नव्हता गडी.

"नाही येत बाप्पा जवाब," तो शेवटी म्हणाला. "हरलो. मले आयकू येत नाही, देवमन."

कोणी त्याला पाराकडे जायला सांगितलं नाही. गोल तसाच उभा होता. शालिकरामनं डोळे पुसले, टोपी मागं सरकवली आणि उजवा कान देवमनच्या पुढं केला.

"अजून एक म्हण," तो म्हणाला, "पण जोरात."