टाक्या रिकाम्या दिसतात

मावशींनी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. आतून बिस्किटाचा चुरा पडला. यावरच जेवता वाटतं, असे म्हणून त्यांनी रुमालाने बटणे पुसली आणि आपला जुना प्रोग्राम नव्या मशीनवर पुन्हा चालवला. पडद्यावर पुन्हा तेच उमटले: शहरातल्या सगळ्या टाक्या रिकाम्या. खिडकीबाहेरची टाकी काठोकाठ भरून ठिबकत होती.

मावशींनी नाक मुरडले. नाक मुरडण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते.

पाणीपुरवठ्याच्या या खोलीत त्यांची उभी नोकरी झाली होती. कुठल्या टाकीची झडप कधी उघडायची हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता आणि त्या निवृत्त झाल्यावरही तो चालू होता. आता खोलीची साहेब त्यांची भाची होती. तिला इथे चिकटवलेही मावशींनीच. तिने निरोप धाडला होता: जुने मशीन जाणार. मावशीचा प्रोग्राम आज नव्यावर चालला तर राहील, नाही तर उद्यापासून इंजिनिअरने लिहिलेला लागेल. तो इंजिनिअर शेजारीच बसला होता, गळ्यात हेडफोन अडकवून. मावशींना तो घंटा बांधलेल्या वासरासारखा दिसत होता.

“काकू, शेलची आवृत्ती बदललीय,” तो म्हणाला. शेल म्हणजे मशीनला हुकूम सांगणारा. पूर्वी एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, एखाद्या आकड्याला दिलेले नाव, ते ज्याला बोलावील त्या फंक्शनलाही दिसायचे. आता ज्याचे नाव त्याच्यापुरते. पातळी मोजणाऱ्याला पातळी ठाऊक, पण झडप उघडणाऱ्याला ती दिसतच नाही. मग तो टाकी रिकामी धरून चालतो.

“म्हणजे आईने ओट्यावर काढून ठेवलेलं पोरांना दिसत नाही,” मावशी म्हणाल्या. “हातात नेऊन द्यायचं. छान. घरंही तशीच झालीत तुमची, ज्याचं दार त्याला बंद.”

“हातात दिलं की गोंधळ होत नाही.”

“गोंधळ तुमच्या डोक्यात आहे. मला जाऊन इतकी वर्षं झाली, मधे शेल किती वेळा बदलला असेल. माझ्या प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. दर फोनला भाचीला विचारते, चालतोय म्हणते. तुमचाच हा नवा दीडशहाणा निघाला.”

इंजिनिअरने दाराकडे पाहिले. भाची बाहेर वरच्या साहेबांशी बोलत होती. मग त्याने तिच्या टेबलाखाली बोट दाखवले. तिथे जुन्या मशीनचा डबा घरघरत होता. मावशींनी त्याला कीबोर्ड जोडायला लावला आणि डब्याला शेलची आवृत्ती विचारली. ती त्यांनीच निवृत्त होण्याआधी स्वतःच्या हाताने बसवलेली निघाली.

“बाकीची मशीनं कधीच बदलली,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “याला मॅडम हात लावू देत नाहीत. पंखा स्वतः पुसतात. दर वर्षी वरून बोलणी खातात. या वर्षी मात्र त्यांचं काही चाललं नाही.”

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डब्याचा कसला पंखा पुसायचाय, असे काहीतरी त्या पुटपुटल्या. मग नव्या मशीनपुढे येऊन, झडपेला जिथे बोलावणे होते तिथे त्यांनी पातळी तिच्या हातात दिली. दोन शब्दांचे काम. प्रोग्राम चालवला. पडद्यावर टाक्या एकेक करून भरल्या, खिडकीबाहेरचीही.

“चाललं की, काकू,” इंजिनिअर म्हणाला.

“तू गप्प बैस.”

त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि फाइल होती तशी करून ठेवली.

भाची आत आली. “चाललं का गं, मावशी?”

“कुठलं चालतंय. म्हातारं झालंय ते. लाव या पोराचाच. भिकार लिहिला असणार, पण लाव.” त्यांनी पर्स उचलली. “आणि तो डबा काढ आधी पायाखालून. गुडघे आपटत असतील तुझे.”

भाचीने इंजिनिअरकडे पाहिले. तो हेडफोनची वायर गुंडाळत होता.

“नाही गं. सवय झालीय,” ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत बसली, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन.