ऊन दाखवलेली डबी

मित्रांनो, काळ्या रंगाची, तळहातावर मावणारी, एका कोपऱ्याला चेमटलेली ही चपटी वस्तू दिसते ना, ती मी. दुकानात माझं नाव एक्स्टर्नल हार्ड डिस्क असं भारदस्त होतं. अकोल्याच्या घरात पाऊल पडलं आणि मनकर्णाबाईंनी लेकीला, भावनाताईंना, विचारलं, “हे डबी कायची आनली व?” झालं! त्या दिवसापासून मी डबीच.

मी स्वभावाने भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पण उगाच भिणारी नव्हे हं. माझ्या पोटात आरशासारखी चकचकीत पाटी गरगर फिरते आणि तिच्यावरून एक नाजूक सुई सरकते. ही सुई पाटीच्या अगदी जवळून जाते, पण तिला शिवत मात्र नाही. शिवली की कारभार आटोपला. आता असलं पोट घेऊन तुम्ही तरी निवांत झोपला असता का?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा आत येऊ देत नसत. आणि तिथून मला धाडलं कुठे, तर अकोल्याला! उन्हाळ्यात धुळीच्या वावटळी, रस्त्यावर ऑटोंचा धुरळा, भर दुपारी तव्यासारखा तापलेला स्लॅब. पहिल्याच दिवशी माझी पाचावर धारण बसली. पण भावनाताईंनी मला कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवलं, तेव्हा जिवात जीव आला.

भावनाताई पातूरकडच्या एका शाळेत शिक्षिका. त्यांचे यजमान नागसेन रेल्वेत, रोज बडनेऱ्याला जाऊन येऊन करणारे. आणि मनकर्णाबाईंचे धनी, म्हणजे भावनाताईंचे वडील पुंजाजी, यांच्यासाठी तर माझी खरेदी झालेली. पुंजाजींनी जन्मभर गवंडीकाम केलं, पण तालुक्यात त्यांना ओळखत ते खंजिरीमुळे. पौर्णिमेला विहारात ते खंजिरी घेऊन उभे राहिले, की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा दंगा थांबवत. असा खणखणीत आवाज, की माइकवाला म्हणे, “पुंजाजी, तुमच्यापायी माहा धंदा बसते गा!”

दर रविवारी भावनाताई वडिलांना समोर बसवून त्यांची भजनं मोबाइलमध्ये भरून घेत. मग ती माझ्यात उतरवत आणि मोबाइल रिकामा करत. वर्षानुवर्षं हेच चाललं. माझ्या पोटात लग्नाचे फोटो होते, शाळेचे कागद होते, पण मी मिरवत होते ती पुंजाजींच्या आवाजावर. कोणी पाहुणा आला की ताई मला टीव्हीला जोडत. सगळे माना डोलवत, आणि मी टीव्हीमागे लटकलेली असूनही मनातल्या मनात फुगत असे.

मग पुंजाजींचा घसा बसला. आधी सगळ्यांना वाटलं, गाऊन गाऊन बसला असेल. तपासण्या झाल्या, नागपूरला ऑपरेशन झालं. पुंजाजी वाचले, पण डॉक्टरांना त्यांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला एक छिद्र राहिलं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधत. ओठ हलत, पण आवाज म्हणून निघत नसे.

त्या दिवसापासून मित्रांनो, माझी झोप उडाली. साऱ्या जगात पुंजाजींचा आवाज आता एकाच ठिकाणी होता, माझ्या पोटात. दुसरी प्रत नव्हती. भावनाताई म्हणत, “सुट्ट्या लागल्या की एक आखीन डबी घेतो आन् सगळं त्यात टाकतो.” मी मनात म्हणे, ताई, आत्ता घ्या हो, आत्ता! पण माझं कोण ऐकणार?

रोज दुपारी पुंजाजी मला स्वतः टीव्हीला लावत आणि स्वतःचंच भजन ऐकत बसत. गळ्यावरच्या रुमालावर हात ठेवून ऐकत. मे महिना होता. सुट्ट्या लागल्या होत्या, तरी दुसरी डबी काही आली नव्हती. घरात गार जागा एकच, कुलरची. माझी वायर लांबवून त्यांनी मला कुलरच्या टपावर ठेवलं, बिचारीला गरम नको व्हायला म्हणून. आता आमच्याकडचा पत्र्याचा कुलर तुम्हाला माहीत आहे. चालू झाला की नुसता थडथडतो. मी भजन वाजवता वाजवता इंचाइंचाने कडेला सरकत होते. पुंजाजींनी डोळे मिटलेले. ओरडावं म्हटलं तर मला तोंड नाही.

पडले! फरशीवर कोपरा आपटला, आणि ज्याची जन्मभर धास्ती होती तेच झालं. सुई पाटीला भिडली. भजन मध्येच तुटलं आणि माझ्या पोटातून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. मी तेव्हा किती घाबरले, ते सांगायला शब्द नाहीत.

पुंजाजींनी मला उचललं, कानाशी धरलं. वायर काढली, लावली. टक टक. पुन्हा काढली, पुन्हा लावली. टक टक. मग ते थांबले, विचारात पडले, आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. मला घेऊन ते जिना चढायला लागले.

मित्रांनो, खंजिरीवर कातडं ताणलेलं असतं. ते सर्द झालं, ढिलं पडलं, की खंजिरीचा आवाज बसतो. मग वाजवणारा काय करतो? तिला ऊन दाखवतो, नाहीतर विस्तवाची धग देतो. कातडं आवळतं आणि खंजिरी पुन्हा बोलू लागते. पुंजाजींनी हे आयुष्यभर केलेलं. डबीचा आवाज बसला, म्हणून त्यांनी डबीला ऊन दाखवलं. गच्चीवर, मनकर्णाबाईंच्या कुरडयांशेजारी, धोतराच्या फडक्यावर मला ठेवलं आणि स्वतः डोक्यावर दुपट्टा घेऊन राखण करत बसले. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन ते! माझं प्लॅस्टिक चटके देऊ लागलं. आता मी वितळणार, आणि माझ्याबरोबर पुंजाजींचा आवाजही वितळणार, असं मला क्षणोक्षणी वाटत होतं.

भावनाताई धापा टाकत वर आल्या.

“बाबा! हे काय करून राह्यले तुमी? कोनं सांगतलं उनात ठेवाले?”

पुंजाजींनी हाताने खंजिरी वाजवून दाखवली, मग आभाळाकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

“ते खंजिरी नोहे बाबा! तुमचा आवाज हाये त्याच्यात! जाळला तुमी, जाळला!”

इतकं बोलल्या आणि स्वतःच तोंडावर पदर दाबला. पुंजाजी तसेच बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रडण्याचाही आवाज नव्हता. मनकर्णाबाई जिन्यातून म्हणाल्या, “काहून ओरडतं व त्याहीच्यावर? त्याहीले काय माहीत?” मला तर त्या दिवशी पुंजाजींचा राग आलाच नाही. मला फक्त भीती वाटत होती.

मग ताईंनी मला लॅपटॉपला लावलं. टक टक. काढलं, वायर बदलली, लावलं. टक टक. दुसऱ्या बाजूला लावलं. संध्याकाळी नागसेन आले, त्यांनीही लावलं. प्रत्येक वेळी सुई माझी पाटी खरवडत होती आणि मला ते सांगता येत नव्हतं. एकदाचा पडद्यावर प्रश्न उमटला. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

नागसेन म्हणाले, “हे इचारून राह्यलं. हो म्हनू का?”

त्यांचं बोट बटणावर होतं. एवढासा दाब, की माझी सगळी पाटी पुसायला निघणार. माझे आई! मी उभ्या जागी गार पडले.

“थांबा जी! हात नोका लावू!” ताईंनी त्यांचा हात धरला. “शाळेत असंच झालतं. पुरं साफ होते ते.”

नागसेनांच्या ओळखीतून अमरावतीच्या दामिनीताईंचं नाव कळलं. बिघडलेल्या डिस्कमधला माल परत काढण्याचं काम त्या करत. भावनाताई सकाळच्या गाडीने निघाल्या. पुंजाजी न सांगता चपला घालून दारात उभे होते. ताईंनी त्यांना सोबत घेतलं आणि खिडकीची जागा दिली. बडनेऱ्यापर्यंत मी पुंजाजींच्या मांडीवर, त्यांच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली होते. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते मला दोन्ही हातांनी उचलून धरत.

दामिनीताईंनी मला कानाशी धरलं, लावून मात्र पाहिलं नाही. त्यांनी सगळी हकिकत विचारली. भावनाताईंनी फक्त पडल्याचं सांगितलं. तेव्हा पुंजाजींनी पुढे होऊन आभाळाकडे बोट केलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“उन्हात ठेवली यांनी,” भावनाताई हळूच म्हणाल्या. “त्यानंच गेलं का सगळं?”

“उन्हानं चांगलं नाही झालं, पण एवढ्यानं जात नाही,” दामिनीताई म्हणाल्या. “पडल्यावर परत परत लावून पाहिली का?”

भावनाताईंनी मान खाली घातली. सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच लावलं होतं. “मीच लावली, ताई. आन् मी बाबाले बोलली,” एवढं म्हणून त्या रडू लागल्या. पुंजाजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

“आशा किती हाये?” भावनाताईंनी विचारलं.

“खोटं नाही सांगत. डबी उघडल्याशिवाय कळत नाही. उघडल्यावरही काही हाती लागेल याची खात्री नाही.”

घरची माणसं गेली आणि मी परक्या टेबलावर एकटी उरले. माझ्यासारखीच, माझ्याच जातीची दुसरी एक डबी मिळेपर्यंत मला थांबायचं होतं. तिची धड सुई काढून माझ्या पोटात बसवायची होती. ते दिवस मी जीव मुठीत धरून काढले. शेवटी काचेच्या स्वच्छ पेटीत माझे स्क्रू निघाले, झाकण उघडलं, आणि जन्मल्यापासून कधी न पाहिलेला उजेड थेट माझ्या पाटीवर पडला. पाटीवर गोल ओरखडे होते. दामिनीताईंनी ‘च्च’ केलं. ते ऐकून माझी उरलीसुरली आशाही गेली. तरी त्या हटल्या नाहीत. ओरखडे टाळत, थोडं थोडं करत, त्या माझ्यातून जे निघेल ते काढत राहिल्या.

मग बापलेक पुन्हा आले.

“मोठ्या फाइली तुटल्या,” दामिनीताई म्हणाल्या. “पूर्ण भजन एकही नाही निघालं. बारक्या-बारक्या फाइली मात्र पुष्कळ निघाल्या. कशाच्या आहेत, तुम्हीच पाहा.”

भावनाताईंचा चेहरा पडला. त्या बारक्या फाइली म्हणजे चुकून भरलेला आवाज. भजन सुरू व्हायच्या आधी मोबाइल चालू राहिला, की तेवढा तुकडा वेगळा पडत असे. पुसायचा राहून गेलेला कचरा, असंच ताई त्याला म्हणत आणि मीही तेच समजत होते.

दामिनीताईंनी पहिली फाइल लावली. भांड्यांचा आवाज आला. कोणीतरी घसा खाकरला. आणि पुंजाजी बोलले, अगदी शेजारी बसून बोलावं तसे:

“ए भावने! चालू झालं का व ते? मले सांगत जाय ना माय.”

“हो बाबा, चालू हाये,” भावनाताई बोलून गेल्या.

बोलल्यावर त्यांना कळलं की आपण मशीनला उत्तर दिलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ‘भावने’ अशी हाक कोणी मारली नव्हती. त्यांनी वळून वडिलांकडे पाहिलं. पुंजाजींचे ओठ हलत होते. तेच शब्द, त्याच लयीत, बिनआवाजाचे. मग त्यांनी दामिनीताईंना बोटाने खूण केली, पुन्हा लावा.

मित्रांनो, माझी पाटी आता फिरणार नाही. ते सगळे तुकडे दोन नव्या डब्यांत गेले. एक अकोल्याच्या घरात आहे, एक बडनेऱ्याला नागसेनांच्या कचेरीतल्या कपाटात. तुम्हाला हात जोडून सांगते, माझ्यासारखी एखादी पडली, टक टक करू लागली, तर तिला पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. आणि घरातल्या माणसाचं गाणं भरून घ्याल, तेव्हा त्याने मारलेली हाकही पुसू नका. दोन ठिकाणी ठेवा, आजच ठेवा. सुट्ट्यांची वाट पाहू नका.