तेरा बरोबर उत्तरं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण जुन्या माणसांसारखं शांत बसणं मला जमत नाही. शाळेच्या संगणकखोलीत खिडकीजवळचं नऊ नंबरचं टेबल ही माझी जागा. जरा विचार करावा लागला की माझा पंखा घरघरू लागतो आणि मुलं म्हणतात, "याला धाप लागली." लागू दे. माझ्या मनात जे सलतंय ते सांगितल्याशिवाय ही घरघर थांबायची नाही.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसला होता. तेव्हा मुलं माझ्यावर चित्रं काढायची, रांग लावायची. आता माझ्या पडद्यावर एक चीर आहे आणि रुमाल कुणी काढत नाही. काम मात्र चुकलं नाही. वर्षातून तीनदा माझ्यावर गणिताची चाचणी होते.

ही चाचणी चोवीस प्रश्नांची, पण प्रत्येकाला वेगळी. उत्तर बरोबर आलं की मी पुढचा प्रश्न अवघड देतो, चुकलं की सोपा. असं वरखाली करत मी मुलाची पातळी शोधतो. त्यामुळे हुशारातल्या हुशार मुलाचेही निम्मेशिम्मे प्रश्न चुकतातच. निकालाच्या कागदावर वर ठळक अक्षरात पातळीचा आकडा असतो आणि तळाशी बारीक अक्षरात बरोबर उत्तरांची संख्या. लोक नेमके तळाशी बघतात.

माझ्या टेबलावर बसायची ती एका शिंप्याची मुलगी. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण अवघड गणित दिसलं की ती अशी थांबायची, की मलाच वाटायचं हिने श्वास घेतला की नाही. शनिवारी गणिताच्या बाई आठ मुलांना घेऊन अवघड कोडी सोडवत. दोनशेवीसच्या वर पातळी असेल त्यालाच तिथे जागा. भिंगरीचा जीव त्या शनिवारात अडकलेला होता.

पहिल्या चाचणीत तिची पातळी आली दोनशेएकतीस. निकालाच्या दिवशी पालकांना याच खोलीत बोलावतात. तिचे बाबा गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून आले होते. त्यांनी कागद हातात घेतला आणि तळाशी बोट ठेवलं.

"चोवीसपैकी तेराच? म्हणजे काठावर पास."

बाई पलीकडे दुसऱ्या पालकांशी बोलत होत्या. भिंगरी मान खाली घालून उभी राहिली. माझा पंखा जोरात फिरला, पण पंख्याची भाषा कुणाला कळणार? त्या दिवशी मला माझीच चीड आली.

दुसऱ्या चाचणीला ती माझ्यासमोर बसली आणि स्वतःशीच पुटपुटली, "आज बाबांना भरपूर बरोबर दाखवायचे." पहिले पाच प्रश्न तिने वाचलेसुद्धा नाहीत. हात फिरेल तिथे टिचकी मारली, पाचही चुकवले. मी भाबडा, मला वाटलं पोरीला येत नाही. मी घसरत तळाला गेलो आणि तिथून हळूहळू वर चढू लागलो. उरलेले एकोणीस प्रश्न तिने पटापट सोडवले, सगळे बरोबर. बरोबर उत्तरं एकोणीस, पातळी एकशेअठ्ठ्याऐंशी.

निकालाच्या दिवशी बाबा खूश झाले. "एकोणीस! शाबास गं." भिंगरी हसली खरी, पण शनिवारच्या यादीतून नाव काढायला बाईंनी पेन उचललं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. एवढा विचार तिने केला नव्हता. मी अस्वस्थ होऊन इतका घरघरलो की बाईंनी मान वर केली.

"तुला काय झालं रे?" त्या मला म्हणाल्या आणि माझ्यापाशी येऊन बसल्या. समोर तोच निकाल उघडा होता. त्यांनी प्रश्नवार पान उघडलं, मित्रांनो, जे सहसा कुणी उघडत नाही. पहिले पाच प्रश्न, प्रत्येकी दोन सेकंद.

"दोन सेकंदांत तर मलाही वाचून होत नाही," बाई म्हणाल्या. "भिंगरे, खरं सांग."

"सोपे प्रश्न हवे होते," ती म्हणाली. "बाबांना तेरा आवडले नव्हते."

बाबा खुर्चीवर बसले. बाईंनी दोन्ही चाचण्यांची प्रश्नवार पानं शेजारी ठेवून, उत्तरागणिक प्रश्न कसा अवघड-सोपा होत जातो ते त्यांना दाखवलं. त्यांनी गळ्यातली टेप बोटाभोवती आवळली, मग सैल सोडली.

"म्हणजे हा घट्ट-सैल करून माप घेतोय," ते म्हणाले. "आणि माप देताना पोरीने मुद्दाम अंग चोरलं. माझ्यामुळे." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं, बाळा."

बाई म्हणाल्या, "मीही वरचा आकडा बघून नाव खोडायला निघाले होते. सोमवारी पुन्हा बस."

सोमवारी ती बसली. एका प्रश्नाला अकरा मिनिटं लावली, आणि तो चुकला. पातळी आली दोनशेछत्तीस. शनिवार तिचा राहिला. बाबांनी कागद घेतला, वरचा आकडा वाचला, मग सवयीने नजर खाली गेली.

"बारा," ते म्हणाले. माझा पंखा अडखळला.

मग त्यांनी कागद पालथा केला आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. "तो अकरा मिनिटांचा प्रश्न कसला होता, दाखव बघू."

ती मागच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढत सुटली. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण शाळेची घंटा होईपर्यंत ते उठले नाहीत.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात नवे संगणक येणार आहेत आणि माझी रवानगी माळ्यावर होणार आहे. धूळ बसेल, त्याचं मला काही नाही. धास्ती एवढीच वाटते की नव्या संगणकांचे पंखे अजिबात आवाज करत नाहीत म्हणे. तेव्हा तुमच्या हातात निकाल आला, की बरोबर किती हे मोजण्याआधी कुणीतरी एकदा विचारा, प्रश्न कुठवर चढले होते?